डॅन्यूबकाठच्या खेड्यांतून सायकलप्रवास : गावकऱ्यांच्या पाहुणचाराविषयी मार्गदर्शन हवे आहे

येत्या उन्हाळ्यात मी आणि माझी पत्नी बुडापेस्टहून निघून डॅन्यूबच्या काठाकाठाने सायकलवर काळ्या समुद्रापर्यंत जाण्याच्या विचारात आहोत. मार्ग युरोवेलो ६ या युरोपातल्या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गाचाच आहे, म्हणजे हंगेरी, क्रोएशियाचा थोडा भाग, सर्बिया आणि पुढे रोमानिया किंवा बल्गेरिया. रस्ते, नकाशे, पंक्चर, सुटे भाग यांची माहिती पुरेशी जमवली आहे. अडले आहे ते वाटेत भेटणाऱ्या माणसांपाशी.

पासाऊ ते व्हिएन्ना हा याच मार्गाचा प्रसिद्ध टप्पा आम्ही मुद्दाम वगळला आहे, कारण तिथे सायकलस्वारांची इतकी वर्दळ असते की प्रवाशाला बहुधा दुसरा प्रवासीच भेटतो. सर्बियात गोलुबाकचा किल्ला आणि आयर्न गेट्सची घळ मागे टाकली की चित्र पालटते, असे तिकडून जाऊन आलेले सांगतात. पहिला प्रश्न तिथलाच आहे. बल्गेरियातले विदिन आणि समोरच्या काठावरचे रोमानियातले कालाफात यांना जोडणारा पूल २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून त्या भागात काठ बदलणे सोपे झाले आहे. मग गावकऱ्यांशी बोलणे व्हावे यासाठी कोणता काठ धरावा? रोमानियाच्या बाजूला रस्ता सपाट आहे, एक गाव संपते न संपते तोच दुसरे लागते, संध्याकाळी घरापुढच्या बाकांवर वडीलधारी मंडळी बसलेली असतात आणि मुले टाळी देण्यासाठी हात पुढे करून रस्त्याकडेला धावत येतात. बल्गेरियाच्या बाजूला चढउतार जास्त आणि तरुण मंडळी बाहेरगावी गेल्यामुळे बरीच खेडी ओस पडत चाललेली. वरवर पाहता उत्तर सरळ दिसते, पण ज्या गावात परका माणूस क्वचितच येतो तिथेच तो जास्त वेळ थांबवून घेतला जातो, असा माझा अंदाज आहे. तो खरा आहे का?

दुसरा प्रश्न मुक्कामाचा आहे. सायकलस्वारांना घरी उतरवून घेणाऱ्या यजमानांचे वॉर्मशॉवर्स हे जाळे १९९३ पासून चालू आहे, परंतु असे यजमान शहरांत जितके सापडतात तितके खेड्यांत सापडत नाहीत. तेव्हा अंगणात किंवा फळबागेत तंबू ठोकण्याची परवानगी नेमकी कोणाकडे मागावी? थेट फाटकाशी उभे राहून हाक मारावी, की आधी गावातल्या किराणा दुकानापुढे, जिथे दुपारपासून माणसे बिअर घेऊन बसलेली असतात, तिथे चौकशी करावी? सकाळी निघताना पैसे पुढे केले तर यजमान दुखावतील आणि काहीच दिले नाही तर आपल्यालाच चैन पडणार नाही, ही अडचण आपण कशी सोडवलीत?

आम्ही दोघेही मद्य घेत नाही. सर्बियात राकिया आणि रोमानियात त्सुइका ही बहुतेकदा घरचीच दारू पाहुण्यापुढे येते आणि ती नाकारणे म्हणजे यजमानाच्या हातच्या वस्तूला नावे ठेवण्यासारखे होईल, अशी धास्ती वाटते. छातीवर हात ठेवून मान हलवली तर भागते का? त्यातही बल्गेरियात होकार-नकाराच्या वेळी मान हलवण्याची रीत आपल्या सवयीच्या उलट आहे, त्यामुळे नाही म्हणता म्हणता पेला भरला जायचा.

शेवटचा मुद्दा दिवसांचा. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया आणि बल्गेरिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, पूर्णपणे सामील झाले असल्याने तिथले दिवसही आता हंगेरी-क्रोएशियासाठीच्या त्याच व्हिसातून वजा होतात. सर्बियातले मात्र होत नाहीत. कोणी आग्रहाने एक दिवस ठेवून घेतले तर थांबता यावे यासाठी एकूण वेळापत्रकात किती दिवस मोकळे सोडावेत, आणि ते सर्बियातच राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल का? या काठाने, विशेषतः जोडीने, प्रवास केलेल्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.