‘डिस्क्रिमिनेटिंग’ ही दाद की दोष?

शब्दवेडा: येवल्याच्या एका पैठणी विणकरांना इंग्रजी माहितीपत्रक लिहून दिलं. ‘चोखंदळ गिऱ्हाइकांसाठी’ याचं मी ‘फॉर डिस्क्रिमिनेटिंग बायर्स’ केलं. त्यांची मुलगी म्हणाली, “काका, हे भेदभाव करणाऱ्यांसाठी असं वाटतंय. काढा.” मला पटलेलं नाही. या विशेषणाचा नेमका अर्थच बारकावे पारखणारा. पक्षपाती कायद्याला, नियमाला ‘डिस्क्रिमिनेटरी’ म्हणतात. दोन शब्द वेगळे असताना चांगला शब्द का टाकायचा?

माजघर: मुलीचं बरोबर आहे. क्रियापद एकच ना? त्याला ‘अगेन्स्ट’ जोडलं की तोच ‘डिस्क्रिमिनेटिंग’ अन्याय सांगतो. आपल्याकडे हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई. ज्यांच्या घराने तो भेद सोसलाय, त्यांनी तुमच्या पत्रकासाठी शब्दकोश उघडावा का?

गणितमास्तर: दहावीचं वर्गसमीकरण आठवा. बी वर्ग वजा चार एसी. इंग्रजीत त्याला ‘डिस्क्रिमिनंट’ म्हणतात, आपण ‘विवेचक’. मुळं वास्तव आहेत की नाहीत, समान की असमान, हे तो निवडून सांगतो. ‘विवेक’सुद्धा त्याच ‘विच्’ धातूचा, म्हणजे वेगळं करणं. नीरक्षीरविवेकाला कोणी भेदभाव म्हणत नाही. निवडणं वाईट नाही, कशावरून निवडता ते बघा.

माजघर: मास्तर, दूध-पाणी वेगळं करणं आणि माणसं वेगळी बसवणं या दोन गोष्टींना मराठीत दोन शब्द आहेत, म्हणून आपला विवेक स्वच्छ राहिला. इंग्रजीत दोन्ही ओझी एकाच शब्दावर आहेत.

शब्दवेडा: हे मान्य. काल पुन्हा गेलो होतो. मुलीने पदर उलटा करून दाखवला. हातमागाच्या खऱ्या पैठणीच्या पदराची नक्षी मागूनही तशीच साफ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. “हे बघून घेणारं गिऱ्हाईक पाहिजे,” म्हणाली. पत्रकात त्याऐवजी ‘डिसर्निंग’, म्हणजे पारखी, घातलं. पण चांगल्या समीक्षकाला मी ‘डिस्क्रिमिनेटिंग’च म्हणणार.

माजघर: म्हणा. फक्त कशाचा पारखी, तेही त्याच वाक्यात लिहा.