ट्रॅक्टर, रोटाव्हेटर धुवायला प्रेशर वॉशर कुठला घ्यावा? (खानापूर भाग)

खानापूरकडचा
नमस्कार मंडळी. आमची भातशेती, थोडा ऊस. चिखलणी झाली की केजव्हील (चिखलणीची लोखंडी जाळीदार चाकं) आणि रोटाव्हेटरला लाल माती अशी धरते की वाळल्यावर खुरप्यानं खरवडावी लागते. गोठ्यापुढची फरशी पावसाळाभर शेवाळून निसरडी होते. आईचं जाणं-येणं तिथूनच, त्यामुळं जास्त काळजी. म्हणून प्रेशर वॉशर घ्यायला बघूलालोय. बेळगावात चौकशी केली तर एक दुकानदार म्हणतो ११० बार (पाण्याच्या दाबाचं माप) पुरे, दुसरा म्हणतो १५० च्या खाली घेऊच नका. पाणी विहिरीचं, लाईट सिंगल फेज, संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. घरी फवारणीचा एचटीपी पंप आहे, त्यालाच गन जोडली तर भागेल का? घरावरची मंगळुरी कौलं पण त्यानंच धुवावी म्हणतोय.

उद्यमबाग_फिटर
दादा, बारचं मागनं बघू. आधी अर्थिंग तपासून घ्या. ओल्या फरशीवर, ओल्या हातात, विजेवर चालणारं यंत्र घेऊन उभं राहायचं आहे. जुन्या घरात तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागं अर्थिंगची वायरच जोडलेली नसते. वायरमनकडनं तपासा आणि त्या लाईनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या. साधा एमसीबी (जादा लोडला पडणारा स्विच) शॉकपासून माणसाला वाचवत नाही, तो वायर वाचवतो. १८०० वॅटचं मशीन आठेक ॲम्पिअर ओढतं, म्हणून १६ ॲम्पिअरचाच सॉकेट हवा.

आता मशीन. दोन जाती. कार्बन ब्रशवाली मोटर हलकी, स्वस्त, आवाजाला मोठी, थोडं चालवून गार होऊ द्यावी लागते. इंडक्शन मोटर जड आणि महाग, पण शेतावरच्या कामाला तीच टिकते. बारबरोबर मिनिटाला किती लिटर पाणी टाकतं तेही विचारा. माती नुसत्या दाबानं सुटत नाही, ती वाहून न्यायला पाणी लागतं. तुमच्या कामाला १२० ते १३० बार भरपूर. व्होल्टेज उतरल्यावर मोटर तापते, तेव्हा धुणं सकाळी उरका.

विहिरीच्या पाण्यात बारीक रेती असते, ती पंपाची सील आणि व्हॉल्व्ह खाते. टाकीत पाणी निवळू द्या, इनलेटला जाळीचा फिल्टर लावा आणि दर वेळी काढून धुवा. ड्रममधून पाणी घेणार असाल तर मशीन स्वतः पाणी ओढतं का ते दुकानातच विचारा. ड्रम उंचावर ठेवलेला बरा.

सुरू करताना आधी नळ सोडा, गन दाबून धरा, पाणी सलग येऊ लागलं की मग बटण. कोरडा पंप चालवला की सील गेलंच. मध्येच कुणी बोलायला आलं तर गन सोडून मशीन चालू ठेवू नका. गन सोडल्यावर मोटर आपोआप थांबत नसेल तर तेच पाणी पंपात फिरत तापतं. काम झाल्यावर बटण बंद, नळ बंद आणि मग गन दाबून आत अडकलेला दाब सोडा. हे शेवटचं लोक विसरतात. पाईप काढताना जोड उसळतो तो त्यामुळंच.

चिकोडीचा_ऊसवाला
एचटीपीबद्दल मी सांगतो. त्याचा दाब २० ते ४० बारच्या आसपास असतो, पण पाणी भरपूर टाकतो. ओला चिखल त्यानं मस्त निघतो. फक्त फवारणीचा पाईप, गन आणि ड्रम धुण्याला वापरू नका. तणनाशकाचा अंश राहतो आणि तेच पाणी गोठ्याकडं, परसातल्या भाजीकडं जातं. वेगळा संच करा. चिखल वाळायच्या आत मारलात तर कदाचित वॉशर लागणारही नाही.

वॉशर घेतलात तर शून्य अंशाचा, म्हणजे एकाच बारीक धारेचा, लाल नोझल डब्यातच राहू द्या. ट्रॅक्टरला २५ चा हिरवा किंवा ४० चा पांढरा, निदान एक फुटावरनं. रेडिएटरवर तिरका जेट मारला की जाळीच्या पात्या मुडपतात आणि उसाच्या वाहतुकीत इंजिन तापायला लागतं. अल्टरनेटर, स्टार्टर, वायरिंग, एअर क्लीनरचं तोंड, बेअरिंगची सील यांच्यावर जोर नकोच. इंजिन गार झाल्यावरच धुवा. रोटाव्हेटर जमिनीवर टेकवून, पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा शाफ्ट) काढून, इंजिन बंद. धुतल्यावर सगळ्या निपलांना ग्रीस द्या, जुनं ग्रीस पाण्याबरोबर आत गेलेली माती घेऊन बाहेर येतं. आमच्याकडं खंडेनवमीला सगळा गाव गाड्या धुतो, पण ग्रीसगन काढणारा एखादाच.

बेळगाव_सिस्टर
मी हॉस्पिटलात कामाला आहे, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या जेटनं कातडी फाटते. सातेक बारलाच पाणी कातडीतून आत शिरू शकतं आणि तुम्ही १३० चं बोलताय. बोटावर टाचणी टोचल्याएवढं भोक दिसतं, रक्त फारसं नसतं, सुरुवातीला दुखतही नाही. पण पाणी, साबण, घाण स्नायूबंधांच्या कडेनं आतवर गेलेली असते आणि काही तासांत हात सुजतो. हळद दाबून घरी बसू नका. अंगठी काढा, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा आणि "प्रेशरचं पाणी आत गेलंय, त्यात अमुक मिसळलं होतं" असं स्पष्ट सांगा. नाहीतर वरवरची जखम समजून पट्टी बांधून परत पाठवतील.

गमबूट, चष्मा हवाच. चप्पल घालून पाय धुवायला जेट मारणारी माणसं मी बघितली आहेत. पोरांच्या हातात गन नको. बैल-म्हशींवर तर मुळीच नको, त्यांना साधा पाईप.

खानापूरकडचा
सिस्टर, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. फिटर मामा, कौलांचं राहिलं. आणि गोठा घरापासून लांब आहे, एक्स्टेन्शन बोर्ड चालेल?

उद्यमबाग_फिटर
कौलं नको. जेट कौलांच्या सांध्यातनं आत घुसतो, वासे भिजतात, जुनं कौल तडकतं. शिडीवर उभं राहून गन दाबली की ती मागं ढकलते, तोल जातो. कौलं उन्हाळ्यात उतरवून खराट्यानं घासा. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीवरही जेट नको, चिरा पोखरतो. फरशीवर खुशाल मारा, रुंद नोझलनं.

घरातला टीव्हीचा बोर्ड चालणार नाही. २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची रबरी केबल घ्या, पुरी उलगडून वापरा. गुंडाळलेली केबल लोडवर तापते, वरचं आवरण वितळतं. जोड पाण्यात पडू देऊ नका, खुंटीला टांगा. त्यापेक्षा वायरमन अर्थिंग तपासायला येईलच, तेव्हा गोठ्यातच आरसीसीबीसकट एक पॉइंट काढून घ्या.