पहाडासाठी बाइक निवडताना आधी सीसी बघायचा की आपली चालवण्याची पद्धत?

माळवी भटक्या

उन्हाळा जवळ आला की आपल्या इंदूरच्या मराठी रायडर मंडळींत तोच विषय निघतो: लडाख-स्पितीला जायचंय, गाडी कोणती घेऊ? उत्तरही ठरलेलं असतं. बजेटमध्ये बसेल ती सगळ्यात मोठी घे. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. पहाडाची गाडी निवडायची तर आधी स्वतःला विचारा, मी चालवतो कसा? एकटा जाणार की मागे कोणी बसणार? डांबर संपलं की फुटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहायची सवय आहे की बसून पाय टेकत काढता? गाडी आडवी झाली तर एकट्याने उचलता येते का?

मी एकटा फिरतो आणि कच्च्या रस्त्याला मुद्दाम जातो. स्पितीच्या वाटेवरचा ग्राम्फू ते बातल हा पट्टा घ्या. गोल गोटे आणि रस्त्यावरूनच वाहणारे नाले. दुपारी वरचा बर्फ वितळतो आणि पाणी चढतं, म्हणून जाणकार सकाळीच नाले ओलांडतात. पाण्याखालचा गोटा पुढच्या चाकाखालून सटकला की ४० पीएस, म्हणजे ४० अश्वशक्ती, काय करणार? तिथे गाडीचं वजन बोलतं. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० पेट्रोलसकट १९६ किलो, हिरोची एक्सपल्स २०० साधारण १६०. त्यावर सामान लादा. हा फरक गुडघाभर गार पाण्यात उभं राहून गाडी उचलताना कळतो. दोन्हींचं पुढचं चाक २१ इंची, म्हणजे दगडावरून चढायला दोघी सारख्याच. माझ्यासारख्याला हलकी गाडीच योग्य.

एबी रोडवाला

भिया, अर्धाच हिशेब मांडलात. इंदूरहून मनाली साधारण साडेतेराशे किलोमीटर. तुमचा ग्राम्फू-बातल पट्टा पन्नासेक किलोमीटरचा. तेवढ्यासाठी जाऊन-येऊन अख्खा हायवे २०० सीसीवर काढायचा? ताशी ८०-८५ पर्यंत ती सुखात चालते, पण ट्रकला ओव्हरटेक करताना पिळलं तर पुढे काही उरलेलं नसतं. पहिल्याच दिवशी माणूस थकतो आणि थकलेला माणूस पहाडात चुका करतो.

आता उंचीचं बघा. ५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५४ टक्के. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेतं, पण नसलेली हवा कुठून आणणार? लेहजवळचा खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) ५,३५९ मीटरवर आहे. तिथे १९ पीएसची गाडी दहाच्या आसपास येते. मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा आणि समोर हेअरपिनचा चढ. ४० पीएसचं इंजिन तिथे निम्मं झालं तरी तुमची एक्सपल्स इंदुरात देते तेवढी ताकद देतं. मी नेहमी जोडीने फिरतो, त्यामुळे ४५० ही माझ्यासाठी चैन नाहीच.

माळवी भटक्या

मागे कोणी बसणार असेल तर मी वाद घालणारच नाही. तुमची पद्धत वेगळी, गाडी वेगळी. माझा मुद्दा तोच आहे.

पण एकट्याचा हिशेब तुम्ही जोडीच्या मापाने करताय. खारदुंग लावर मला ताशी २० ने चढायचं असतं. पुढचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) एक दात कमी करून घेतलं की पहिल्या गिअरमध्ये गाडी निमूट चढते. टॉप स्पीड थोडा जातो, पण तो तिथे हवाय कुणाला? आणि टाकी लहान म्हणून घाबरवतात तेही खरं नाही. एक्सपल्सची टाकी १३ लिटर, हिमालयनची १७. पण एक्सपल्स लिटरला ३५ च्या वर जाते, त्यामुळे एका टाकीत दोघी जवळपास तेवढ्याच पळतात.

सुदामानगरची रायडर

दादा, तुम्ही दोघंही वजन आणि ताकदीतच अडकलात. सीटची उंची कुणी काढलीच नाही! माझी उंची पाच फूट दोन इंच. तुमच्या दोन्ही गाड्यांची सीट ८२५ मिलिमीटरवर. उतारावर, खडीत गाडी थांबवायची वेळ आली आणि एकाच पायाचं बोट टेकलं की गाडी गेलीच. गाडी हलकी असली तरी जाते. रॉयल एनफिल्डच्याच क्लासिक ३५० चं वजन हिमालयनएवढंच, पण सीट ८०५ वर आणि भार खाली. माझे पाय नीट टेकतात, म्हणून ती मला जास्त भरवशाची वाटते.

क्लासिक पहाडाची गाडी नाही, असं सगळे म्हणतात. कुठल्या पहाडाची? मी श्रीनगरहून लेहला गेले. झोजि ला ३,५२८ मीटर, फोटू ला ४,१०८. उंची हळूहळू वाढते, शरीराला सवय होते. मनालीकडून गेलं की डोकं लवकर धरतं. बहुतेक रस्ता डांबरी. मी बसून, शांतपणे चालवते, नाल्यात उड्या घेत नाही. २१ इंची चाक माझ्या काय कामाचं?

एबी रोडवाला

ताई, झोजि लावर पाऊस पडला की चिखल होतो. क्लासिकचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर. खालून इंजिन घासतं.

सुदामानगरची रायडर

घासतं, म्हणून खाली बॅशप्लेट लावलीये आणि रेषा निवडून जाते. पाय न पोचण्यावर अशी काही प्लेट मिळते का?

महूचा मिस्त्री

गाड्या खोलण्यात आयुष्य चाललंय, म्हणून थोडं लिहितो. लडाखला लोक एकदा जातात, बाकी वर्षभर गाडी इथेच फिरते. पावसाळ्यात महूच्या पुढे शेतरस्त्याला क्लासिक घातली की काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधे गच्च बसते. पुढचं चाक फिरायचंच थांबतं. मग काडीने कोरून माती काढायची, दोनशे पावलं पुढे जायचं, परत कोरायचं. एक्सपल्सचं मडगार्ड वर असल्याने तिला हा त्रास कमी. ज्याला अशा वाटांची हौस त्याने हे आधी बघावं.

एबीएसचंही (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) विचारत जा. खडीच्या उतारावर मागचा एबीएस बंद करता आला पाहिजे, नाहीतर ब्रेक दाबूनही गाडी घरंगळत राहते. हिमालयन ४५० मध्ये तो बंद होतो. एक्सपल्सच्या नव्या मॉडेलमध्ये मोड आहेत. ताईंच्या क्लासिकमध्ये ही सोय नाही, तेव्हा उतारावर गिअरवरच भरवसा.

आणि पैशाचं. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी, त्यावरच्यांना ४०. ज्याला ४५० ची गरज नाही त्याने नुसत्या रुबाबासाठी एवढा कर भरू नये. उरलेल्या पैशात चांगले बूट, गुडघ्याचे गार्ड आणि पंक्चरचं सामान येतं.

नवा गडी, राऊ

मी अजून गाडी घेतलेली नाही. सगळं वाचून वाटतंय की ट्रेनने जावं आणि मनालीला भाड्याने हिमालयन घ्यावी. चालेल ना?

माळवी भटक्या

स्पितीसाठी चालेल. लेहला जाणार असाल तर नको. बाहेरून भाड्याने आणलेली गाडी तिथले स्थानिक लोक लेहच्या पुढे नुब्रा-पँगाँगला नेऊ देत नाहीत, लेहमध्ये दुसरी भाड्याने घ्यावी लागते. स्वतःच्या नावावरची गाडी असेल तर अडवत नाहीत.

पण आधी रविवारी पहाटे महूहून जामगेटला या. मंडलेश्वरकडे उतरणारा घाट आहे, बाजूला कच्च्या वाटाही आहेत. माझी एक्सपल्स चालवून बघा. ताई, तुम्हीही क्लासिक घेऊन येता का?

सुदामानगरची रायडर

येते. एबी रोडवाल्यांनी ४५० आणावी, मागच्या सीटवर वहिनींना बसवून. आणि सामान बांधूनच या, रिकाम्या गाडीवर काही कळणार नाही.