शब्दचर्चा : यक्षी, जखीण, जाखाई... आणि सुपरहिरोला मराठीत म्हणायचं काय?

मीठभाकर
परवा आयुष्यात पहिल्यांदा मल्याळम सिनेमा बघितला आणि तोही थेट सुपरहिरोवाला, 'लोका चॅप्टर १ : चंद्रा', २०२५ चा. माझं देशी सुपरहिरोचं ज्ञान शक्तिमानपाशी संपतं, म्हणजे १९९७ च्या दूरदर्शनवर, त्यामुळे ही बाई कधी गिरकी घेते आणि कपडे बदलते याची मी वाट बघत बसले तर तसलं काही नाहीच. बंगळुरूत रात्रपाळी करणारी शांत मुलगी, समोरच्या फ्लॅटमधली पोरं तिच्यावर नजर ठेवून, आणि मग हळूहळू कळतं की ही केरळच्या गोष्टींमधली कळ्ळियंकाट्टू नीली, म्हणजे यक्षी. (स्पॉयलर आहे, पण एव्हाना सगळीकडे झालंय.)

आता मला यक्षी म्हटल्यावर डोळ्यासमोर काय आलं तर देवळाच्या खांबावरची कमरेत वाकलेली बाई. शेजारी आजी वालीच्या शेंगा मोडत बसलेली, तिला सांगितलं यक्षी आहे म्हणून, तर म्हणते "यक्षी खंयची गो, जखीण म्हण सरळ."

तर प्रश्न दोन. यक्षी आणि जखीण एकच का? आणि सुपरहिरोला आपल्याकडे शब्द काय? महानायक नको प्लीज, तो बच्चनसाठी राखीव आहे.

पाटीपेन्सिल
आजीला माझा नमस्कार सांग, तिने एका वाक्यात व्युत्पत्ती सांगितली. संस्कृत यक्षिणी, प्राकृतात जक्खिणी, मराठीत जखीण. शब्दाच्या सुरुवातीचा य प्राकृतात ज होतो, यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला. आणि क्ष चा ख, जसं क्षीर-खीर, लक्ष-लाख. (नेहमीच होतो असं नाही हां, क्षेत्राचं शेत झालं, तो फाटा वेगळा, नाहीतर उद्या कोणीतरी मला धरेल.)

मला गंमत याची वाटते की यक्ष शब्द आपल्याकडे दोनदा राहायला आलाय. एकदा सोवळ्यात, पोथीतून, म्हणून आपण अवघड सवालाला अजून यक्षप्रश्न म्हणतो, धर्मराजाला तळ्याकाठी विचारलेले ते. आणि एकदा बोलीतून घासून घासून, ती जखीण, ती थेट विहिरीच्या काठावर. घराणं एकच पण एक पेपरच्या अग्रलेखात आणि दुसरी केस मोकळे सोडलेल्या पोरीला आईने घातलेल्या शिवीत.

रामटेकवाला
आमच्या यक्षाला विसरू नका. मेघदूतातला, रामगिरीवर वर्षभराची शिक्षा भोगत बसलेला. रामगिरी म्हणजे आमचं रामटेक असं मानतात, आम्ही तर मानतोच. त्याची पॉवर काय तर ढगाशी बोलतो. बायकोची आठवण काढत बसलेला सुपरहिरो, याच्यावर कोणी पैसे लावणार नाही.

कोचीकर
अकरा वर्षं कोचीत आहे म्हणून थोडं लिहितो. इथे यक्षी हा घरगुती शब्द आहे, शाळेतल्या पोरांना पण माहीत. पांढरं नेसलेली देखणी बाई, केस मोकळे, रात्री एकट्या वाटसरूला गाठून पानाला चुना मागते, आणि जो थांबला त्याची सकाळी ताडाखाली नखं आणि केस सापडतात. मांत्रिक तिला बांधतो तो लोखंडी खिळा डोक्यात ठोकून. आणि तरी तिची भीतीच आहे असं नाही, पालक्काडजवळ मलंपुळा धरणाच्या बागेत कानायी कुंजीरामन यांनी १९६९ मध्ये केलेली तीस फुटी यक्षी बसलीय, उघडीवाघडी, केस मागे घेतलेले, आणि लोक पोराबाळांसकट तिच्यापुढे फोटो काढतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कुठे बघावं कळेना, बरोबर सासूबाई होत्या. त्या निवांत म्हणाल्या "केवढी मोठी आहे नाही?"

म्हणून सिनेमात यक्षी चांगल्या बाजूने लढते तेव्हा इथल्या प्रेक्षकाला शब्द पालटलेला कळतो, लहानपणी जिची भीती घातली तीच राखायला आली. बाहेरच्याला नुसती पॉवरवाली मुलगी दिसते. त्यातच तो चात्तन पण आहे, इथल्या गोष्टींमधलं खट्याळ भूत, आणि तो तुम्हाला सगळ्यांना माहितीय. 'छोटा चेतन' आठवतो का, चष्मा लावून बघायचा? तो मूळचा १९८४ चा मल्याळम 'माय डिअर कुट्टिच्चात्तन', भारतातला पहिला थ्रीडी. चात्तनचा हिंदीत येता येता चेतन झाला, अर्थाशी काही संबंध नाही.

मीठभाकर
थांबा थांबा. खिळा ठोकून?? आमच्या गावात पिंपळाला ठोकलेले खिळे आहेत, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. आणि आत्ता लक्षात आलं की मी मैत्रिणीला मेसेज काय केला होता, "पिक्चरने खिळवून ठेवलं". म्हणजे त्या खिळवण्यात पण खिळाच आहे, मी इतकी वर्षं तो शब्द वापरतेय आणि कधी दिसला नाही.

डिचोलीकर
आजीला विचार की जखीण आणि लावसट यात फरक काय करतात तुमच्याकडे. आमची आजी सांगायची सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट. मेल्यावर पण कुंकवाचा हिशोब सुटत नाही.

सुपरहिरोला शब्द आहे की, राखणदार. गोव्यात आणि वर सिंधुदुर्गात गावाला राखणदार असतोच, कुठे देवचार कुठे वेतोबा, शीव राखतो, चुकलेल्याला वाटेला लावतो. आरवलीच्या वेतोबाला लोक नवसाचे हे एवढाले चामड्याचे चप्पल वाहतात आणि ते झिजतात, कारण तो रात्री गावभर फिरतो. आता सांगा, रात्रीची गस्त, अंगात अचाट ताकद, ठरलेला पोशाख, अजून काय पाहिजे? केप तेवढा नाही.

पाटीपेन्सिल
राखणदार जबरदस्त आहे. एकच अडचण, तो पुरुष आहे. राखणदारीण म्हटलं की राखणदाराची बायको वाटते. आणि सुपरहिरोइन म्हटलं की पावसात नाचणारी, कारण हिरोइन हा शब्द आपण कधीच लढायला पाठवला नाही. त्यापेक्षा 'ती सुपरहिरो आहे' हे बरं.

पण यक्षीपुरतं बोलायचं तर आपल्याकडे शब्द तयार आहे, जाखाई. हीही यक्षीपासूनच आली असं मानतात. जाखाई-जोखाई तुकोबांच्या अभंगात पण येतात, तिथे त्यांना किरकोळ देवता म्हणून बाजूला सारलंय ते सोडा. म्हणजे बघा, एकाच यक्षीला ईण लावलं तर जखीण, पोरं घाबरतात. आई लावलं तर जाखाई, गाव नारळ फोडतं. त्या सिनेमाने नीलीचा तेवढा प्रत्यय बदललाय असं माझं मत.

रामटेकवाला
हे पटलं. पण मार्व्हलवाल्याला जाखाई कोण म्हणणार.

पाटीपेन्सिल
कोणीच नाही, त्याला सुपरहिरोच म्हणायचं. टेबलाला टेबल म्हणतो ना. जुन्या मासिकी मराठीत अतिमानव म्हणायचे, त्याला चेहराच नाही, कॅलेंडरवर कसा दिसेल कळत नाही.

मीठभाकर
आजीला सगळं वाचून दाखवलं. लावसटीचं बरोबर आहे म्हणाली. पानाला चुना मागण्याचं ऐकून अजिबात आश्चर्य नाही, "आमच्याकडे तंबाखू पण मागतत." जाखाईवर मात्र गप्प बसली, मग म्हणाली देवीचं नाव असं पिक्चरला लावू नये. आणि शेवटी खरा मुद्दा काढला, एवढी दोन-अडीच तास बघितलंस, तिचे पाय उलटे होते का?

मी म्हटलं आजी, बूट घातले होते गो, कळलं नाही.