खेळाडूचा मास्तर झाला, की मालिकेतलं मैदान कुठे जातं?

फक्की (अमळनेर)

परवा याच चर्चेच्या पानावर एकानं लिहिलं होतं की, माजी खेळाडू शाळेत मास्तर होतो अशी घरगुती विनोदी मालिका मराठीत यायला हवी आणि ती खान्देशात घडायला हवी. उदाहरण म्हणून त्यानं 'हँगिन विथ मिस्टर कूपर' या जुन्या अमेरिकी मालिकेचं नाव दिलं होतं. मी ती शोधून पाहिली. सगळी नाही, पहिल्या दोन पर्वांतले बरेचसे भाग. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहितो.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एबीसी वाहिनीवर १९९२ ते १९९७ अशी पाच पर्वं ती चालली. मार्क कूपर हा बास्केटबॉलपटू, गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून थोडे दिवस खेळलेला. आता कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये, आपल्याच गावात, शाळेवर बदली शिक्षक म्हणून लागलाय आणि दोन मैत्रिणींबरोबर एका घरात राहतोय. काम केलंय मार्क करीनं, तो स्वतः ओकलंडचाच. दुसऱ्या पर्वात सगळी मांडणी बदलली. एक मैत्रीण गेली, मार्कच्या नात्यातली बहीण आणि तिची चिमुरडी घरात आली, आणि मंगळवारची मालिका शुक्रवारी संध्याकाळी, सगळ्या घरानं मिळून बघायच्या कार्यक्रमांत गेली.

माझं म्हणणं असं. घर जसजसं पुढे आलं, तसतसं मैदान मागे पडलं. खेळाडू असणं ही त्या माणसाची फक्त नावापुरती ओळख उरली. मराठीत ही मालिका आली तर हेच होणार, आणि जास्त वाईट होणार. कारण आपल्याकडे पडद्यावर पीटीचा मास्तर म्हणजे गळ्यात शिट्टी, सुटलेलं पोट आणि हातात छडी. तो आला की हसायचं, एवढंच.

मी विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळलो. गुडघा गेला, बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) केलं, सात वर्षं तासिका तत्त्वावर काढली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नसायचे म्हणून पगारही नसायचा. कूपर बदली शिक्षक आहे हे पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, अरे, हा तर आपलाच माणूस! शिक्षण हक्क कायद्यातच सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला 'अंशकालीन निदेशक' द्यावा असं लिहिलंय. अंशकालीन. म्हणजे शरीर शिकवणारा माणूस अर्ध्या वेळेचा.

आणि मैदान म्हणजे काय ते सांगतो. स्पर्धेच्या दिवशी पहाटे साडेपाचला मी खुंट्या, सुतळी आणि बादलीभर फक्की, म्हणजे रेषा मारायची पांढरी भुकटी, घेऊन उभा असतो. लहान गटातल्या शाळकरी मुलींच्या कबड्डीचं मैदान ११ मीटर बाय ८. आधी सुतळी ताणायची, मग मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा, कडेचं राखीव क्षेत्र. आपली जमीन काळी. स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात. एक सर आली की रेषा गेली, परत मारायची. एका सकाळी मी मध्यरेषा चार वेळा मारली आहे. चौथ्या वेळी सातवीतली एक पोरगी आली, माझ्या हातातली बादली घेतली आणि म्हणाली, सर, तुम्ही सुतळी धरा. हे ज्या मालिकेत नसेल ती मालिका माझ्याबद्दल नाही.

चाळीसगावकर

सर, तुमच्या कष्टाबद्दल आदर आहे, पण तुम्ही मागताय तो माहितीपट. विनोदी मालिका घरातच घडते, कारण माणूस घरात उघडा पडतो. मैदानावर सगळेच सर ताठ उभे असतात.

माझे वडील पीटीचे सर होते. चौतीस वर्षं नोकरी. ते पूर्वी कधीतरी खेळायचे, एवढंच आम्हा भावंडांना माहीत. मैदानावर त्यांचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून जायचा आणि घरात आले की जेवताना 'मीठ दे' एवढं बोलायचे. पदकं एका कापडी पिशवीत, गव्हाच्या कोठीवर. त्या पिशवीला आम्ही कधी हात लावला नाही. शाळेतल्या दोनशे पोरांना त्यांनी पाठीवर थाप दिली असेल. मला दिलेली एक आठवते, दहावीच्या निकालाची. घरात ते कसे होते यावर मालिका निघाली तर मी रोज बघेन. खरी गोष्ट तिथेच आहे. मुलीची फी, बायकोचं दुखणं, शेताचा वाटा, आणि या सगळ्यात शिट्टीचा काही उपयोग नाही, ही.

दुसरं असं की, ओकलंडच्या मालिकेत दुसऱ्या पर्वापासून घर आलं म्हणूनच ती पुढे इतकी वर्षं टिकली, असं मला वाटतं. शिवाय कूपर शाळेत बास्केटबॉल शिकवतोच की. मैदान अगदीच गेलं असं म्हणणं बरोबर नाही.

तापीकाठची

दोघांचंही वाचलं. दोघांच्याही मालिकेत बाई स्वयंपाकघरात आहे.

मी खो-खो खेळायचे. नंदुरबार जिल्ह्यातल्या आश्रमशाळेत शिकवते. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. त्या रात्री आमच्या वसतिगृहात मुलींनी ताटं वाजवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेआधीच त्या मैदानात ओळीनं उकिडव्या बसल्या होत्या, आठ जणी, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, अगदी नियमाप्रमाणे. खांब नव्हते. दोन्ही टोकांना दोघी हात वर करून उभ्या राहिल्या.

माजी खेळाडू बाई शाळेत मास्तरीण झाली तर तिची मालिका कशी असेल, याचा विचार करा. तिला सासरी कुणी 'पूर्वी खेळायची' असंसुद्धा म्हणत नाही. 'लग्नाआधी उंडारायची' म्हणतात. मला म्हणाले आहेत. फक्की सर, तुम्हाला निदान लोक हसतात तरी, म्हणजे तुम्ही होतात हे त्यांना मान्य आहे.

फक्की (अमळनेर)

ताई, हे मला सुचलं नव्हतं. मी विद्यापीठाकडून खेळलो तेव्हा मुलींचाही संघ होता. त्यातली एकही आज शिट्टी घेऊन उभी असलेली मला माहीत नाही. कुठे गेल्या हे मी कधी विचारलंही नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, एरंडोल

फक्की सरांशी माझा मतभेद वेगळा आहे आणि तो मी स्पष्ट मांडतो. चांगला खेळाडू म्हणजे चांगला शिक्षक, हे गृहीत धरूनच तुम्ही बोलताय. मी तीन शाळांवर मुख्याध्यापक होतो. वर्गाचा पट साठ. कबड्डीच्या संघात सात खेळणारे, पाच राखीव. त्या बारा जणांवर सर जीव टाकतात. उरलेले अठ्ठेचाळीस लिंबाच्या झाडाखाली बसून दप्तरं सांभाळतात. दम्याचा पोरगा, जाड पोरगी, चष्मेवाला, सगळे तिथे. हे मी वर्षानुवर्षं खिडकीतून पाहिलंय आणि सरांना बोलावून सांगितलंय. उत्तर ठरलेलं: सर, जिल्ह्याला जायचंय.

तुम्ही अमळनेरचे. साने गुरुजी १९२४ ते १९३० तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहाचं काम आलं तेव्हा त्यांनी मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या. कोण हुशार, कोण मठ्ठ, हे झाडताना पाहिलं नाही. खान्देशात मास्तर मोजायचं माप तिथून आलंय. माजी खेळाडूची मालिका काढायची तर त्याची खरी अडचण हीच दाखवा, की ज्याला स्वतःला सगळं सहज जमलं, त्याला न जमणाऱ्या पोराला शिकवताच येत नाही. तो कधी, कसा शिकतो, ते बघायला मी बसेन. गुडघ्याचं दुःख चार भागांत संपतं.

सावद्याचा

एक छोटी गोष्ट. मालिका खान्देशात घडवली तरी बोलतील पुण्यासारखंच, आणि अहिराणी आली तर फक्त नोकराच्या तोंडी. मास्तरानं वर्गात प्रमाण मराठी बोलावं, मैदानात अहिराणी. पोऱ्या पडला की कुठल्याही सराच्या तोंडून आधी अहिराणीच निघते. आमच्याकडं तावडी बोलतात, तीही चालेल.

फक्की (अमळनेर)

गुरुजी, तुमचं लागलं. खोटं नाही म्हणून लागलं.

पण जिल्ह्याला जायचं ते का, हेही ऐका. मैदानी सराव बघायला आलेला एक बाप मला म्हणाला होता, "सर, मन्हा पोऱ्या पयस भारी, पन पयीसन पोट भरस का?" (पोरगा पळतो भारी, पण पळून पोट भरतं का?) त्याला द्यायला माझ्याकडे एकच उत्तर असतं: दहावीला क्रीडा सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा. आणि ते दोन्ही प्रमाणपत्रावर मिळतं. प्रमाणपत्र तालुक्याला संपत नाही, वर जावं लागतं. त्या बारा पोरांमागे मी धावतो कारण त्यांच्यातल्या दोघांचं तरी पोट त्यातून भरेल. अठ्ठेचाळीस जणांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे आज नाही. या सोमवारपासून एक तास फक्त त्यांच्यासाठी ठेवतो. लंगडी, लगोरी असं काहीतरी, पण कुणी बाद होऊन बाहेर बसणार नाही अशा बेतानं.

पण हे तुम्ही मला सांगितलंत ते मैदान खिडकीतून पाहिलंत म्हणूनच ना? घरातल्या सोफ्यावरून ही गोष्ट कुणाला दिसली असती?

चाळीसगावकर

नोकरीवरून आठवलं. आमच्या तालुक्यातला विजय चौधरी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला आणि पोलीस उपअधीक्षक झाला. आमच्याकडे खेळाचं चीज झालं म्हणजे वर्दी मिळाली, असंच मानतात. नाहीतर रेल्वे. पैलवान मास्तर झाला तर लोक हळहळतात. मालिकेनं ही हळहळ मोडावी, यावर आपलं दोघांचं एकमत. त्यासाठी त्याला शाळा आवडते हे दाखवावं लागेल. आणि आवडतं की नाही, ते कळतं तो घरी येऊन काय बोलतो त्यावरून. मी अजून घराच्याच बाजूनं आहे.

तापीकाठची

घरी येऊन काही बोलतच नसेल तर? तुमच्या वडिलांसारखा? चाळीसगावकर भाऊ, वडील कोणता खेळ खेळायचे ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

चाळीसगावकर

ताई, तुमचा प्रश्न वाचून उठलो आणि कोठीवरची पिशवी काढली. वडील जाऊन सहा वर्षं झाली, पिशवी तशीच. नऊ पदकं आहेत. फिती उंदरांनी कुरतडल्यात. मागे नाव नाही, खेळ नाही. एकावर 'द्वितीय' आणि एकावर नुसतं 'जळगाव' वाचता येतं.

आईला विचारलं. ती म्हणाली, कबड्डी असेल. काकांना फोन लावला. ते म्हणाले, कबड्डी कुठली, तो कुस्ती खेळायचा.