विषय: काजूच्या बागायतीसाठी वापरलेली क्वाड बाइक (मोटारसायकलसारखी हँडलने चालवायची चारचाकी उघडी गाडी) घ्यावी का?

प्रेषक: सत्तरीतील सदस्य

मंडळातील सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार.

न्यूझीलंडमधले हॅमिल्टन सोडून गोव्यात परतल्यापासून वाळपईजवळची आमची वडिलोपार्जित बागायत मी आणि धाकटा भाऊ मिळून पाहतो. ओहळाच्या काठाला पोफळी, माड, केळी आणि मिरी असलेले कुळागर आहे, आणि त्याच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर काजू आहेत. फेब्रुवारी ते मे या काळात काजूची बोंडे वेळेत फेणीच्या भट्टीपर्यंत पोहोचवावी लागतात, कारण ती एका रात्रीतही आंबू लागतात. आणि डोक्यावरून ओझे वाहणारी गडीमाणसे आता आमच्या गावात मिळेनाशी झाली आहेत. न्यूझीलंडमध्ये डेअरी फार्मवर क्वाड बाइक काय काय कामे करते हे आपल्यापैकी अनेकांनी रोज पाहिले आहे. त्यामुळे तशी एखादी वापरलेली गाडी घ्यावी असा विचार आहे.

माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. तिकडच्या एका ओळखीच्या फार्मवर होंडाची 420 सीसीची गाडी विकायला आहे. ती जहाजाने मागवता येईल का? दुसरा पर्याय म्हणजे इथल्या किनारपट्टीवरील साहसी खेळांच्या एका केंद्राने विकायला काढलेली 250 सीसीची गाडी. तिची किंमत पुष्कळ कमी आहे आणि रंगरूपाने ती चांगली दिसते. उताराच्या जमिनीवर अशी गाडी वापरलेल्या सदस्यांनी, घेण्यापूर्वी काय पाहावे, हे सविस्तर लिहिले तर उपकार होतील.

आपला,
वाळपईहून


प्रेषक: वायकाटोतील सदस्या

भाऊ, नमस्कार.

इथे न्यूझीलंडच्या वायकाटो प्रांतात आमच्या फार्मवर क्वाड बाइक रोज लागते, आणि जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचे काम बरेचदा माझ्याकडेच येते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. माझे ठाम मत असे आहे की वापरलेली क्वाड पाहताना इंजिनाकडे सर्वांत शेवटी वळावे आणि ती गाडी कधी उलटली आहे का, याचा शोध आधी घ्यावा. बिघडलेले इंजिन खर्च करून दुरुस्त होते. उलटून वाकलेली चौकट मात्र उतारावर गाडीला एका बाजूला ओढत राहते, आणि या गाडीवर माणसे दगावतात ती बहुतेक करून ती अंगावर उलटूनच. यंत्राचे वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास असते. छाती त्याखाली दबली की बाहेरून मोठी जखम नसतानाही माणूस गुदमरतो. मदतीला धावणारे कोणी जवळपास नसेल अशाच जागी आपण ही गाडी चालवतो, हे विसरून चालणार नाही.

उलटल्याच्या खुणा नव्या रंगाखाली लपत नाहीत. हँडलच्या दोन्ही टोकांच्या रबरी मुठी काढून आतल्या नळीचे तोंड घासले गेले आहे का ते पाहावे. सामान ठेवायची पुढची-मागची जाळी एका कोपऱ्यात खाली बसली आहे का, पाय ठेवण्याच्या जागेखालचे लोखंड खरवडले आहे का, प्लास्टिकचा एकच भाग नवा आणि बाकीचे उन्हाने फिके पडलेले असे तर नाही ना, हेही तपासावे. त्यानंतर गाडी सपाट जमिनीवर हँडल सरळ ठेवून उभी करावी आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावे. दोन मापांत डोळ्यांत भरण्यासारखा फरक आला तर विक्रेत्याचे आभार मानून घरी परतावे. किंमत कमी करून मागण्यातही अर्थ नाही.

किनाऱ्यावरच्या गाडीबद्दल मला विशेष काळजी वाटते. खारट वाळू आणि पाणी चौकटीच्या नळ्यांत शिरले की गंज आतून लागतो आणि बाहेरचा रंग शाबूत राहतो. चौकटीच्या सर्वांत खालच्या नळ्यांवर आणि मागचा धुरा धरणाऱ्या भागावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकावे. धड लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेल्याचा बसका, आणि कधी कधी पापुद्रेच खाली गळतात. भाड्याने फिरवलेल्या गाडीवर रोज नवा, अननुभवी माणूस बसलेला असतो हेही ध्यानात घ्यावे. मीटरवरचे तास कमी दिसत असतील, पण पायाखालची दातेरी पट्टी गुळगुळीत झाली असेल, तर पट्टीवर विश्वास ठेवावा.

मग पुढचे चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवावे. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाक वळवणारा सांधा) गेले आहेत. धुऱ्याच्या रबरी टोप्या फाटल्या असतील तर आत चिखल गेलेला असतो. इंजिन पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की गाडी सुरू करून तापवू नका. हात लावल्यावर इंजिन गरम लागले तर थंड गाडी सुरू व्हायला त्रास देते असे समजावे. तेलाची पट्टी काढून पाहावी: तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. गाडी ओहळात बुडाली असेल तर मागच्या गिअरपेटीचे तेलही तसेच दिसते, म्हणून तेही थोडे काढून पाहण्याचा आग्रह धरावा. निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन तेल जाळते आहे. शेवटी एखाद्या उतारावरून ब्रेक न लावता खालच्या गिअरमध्ये उतरून पाहावे. इंजिनाने गाडी धरून ठेवली पाहिजे. गिअरऐवजी पट्ट्यावर (बेल्टवर) चालणाऱ्या काही स्वस्त गाड्या उतारावर मोकळ्या सुटतात, आणि सत्तरीच्या डोंगरावर ते अजिबात परवडणारे नाही.

ओझ्याबद्दलही लिहिणे भाग आहे. आपण म्हणता त्या 420 सीसीच्या गाडीची ठरवून दिलेली मर्यादा पुढच्या जाळीवर साधारण 30 किलो आणि मागच्या जाळीवर साधारण 60 किलो आहे. सोलण न काढलेला नारळ सव्वा-दीड किलोचा धरला तर मागे चाळीस-पंचेचाळीस नारळ म्हणजे झाले. बोंडांच्या भरलेल्या टोपल्या एकावर एक रचल्या तर वजन मर्यादेत असले तरी गुरुत्वमध्य वर जातो, आणि गाडी उलटायला तेवढे पुरते. अधिक माल न्यायचा असेल तर मागे बुटका ट्रेलर जोडावा. मात्र सपाटीवर ओढता येणारे वजन चढावर ओढता येईलच असे समजू नये.

ऑस्ट्रेलियात 11 ऑक्टोबर 2021 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या शेतकामाच्या क्वाडला चालकाच्या मागे संरक्षक कमान (गाडी उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून) असणे आणि गाडी बाजूला किमान 28.8 अंशांपर्यंत कलंडूनही न उलटणे सक्तीचे झाले. बाहेरून आणलेल्या जुन्या गाड्यांनाही तोच नियम आहे. न्यूझीलंडमध्ये तशी सक्ती नसली तरी कामगार-सुरक्षा यंत्रणा कमान बसवण्याची शिफारस करते. त्या नियमाआधीच्या गाड्यांना बहुधा अशी कमान नसते, म्हणून तिचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.

आपली ताई,
वायकाटोहून


प्रेषक: फोंड्यातील सदस्य

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

ताईंनी यंत्राचे सर्व काही लिहिले आहे. मी कागदपत्रांचे लिहितो, कारण आपल्याकडे व्यवहार तिथेच अडतो. तिकडची जुनी होंडा मागवण्याचा विचार सोडून द्यावा. वापरलेले वाहन भारतात आणायचे तर ते उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुने नसावे आणि मुंबई बंदरातूनच यावे, अशा अटी आपल्या परदेश व्यापार धोरणात आहेत; जकात आणि तपासणी-प्रमाणपत्राचा खर्च वेगळाच. मुरगाव बंदर दाराशी असून त्याचा उपयोग होणार नाही.

दुसरा मुद्दा नोंदणीचा. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 2(28) मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यातून केवळ कारखान्यात किंवा कुंपणाच्या आत वापरण्यासाठी खास बनवलेली वाहने वगळलेली आहेत. त्यामुळे आपल्याच भाटात (बागायतीत) फिरणाऱ्या गाडीला नोंदणी लागत नाही असे विक्रेते सांगतात. पण गोव्यात किती जणांचे कुळागर आणि काजू एकाच कुंपणात असतात? तुमचेच पाहा: ओहळाकडून डोंगराकडे जाताना मध्ये पंचायतीचा रस्ता लागतो. तो ओलांडण्यापुरती का होईना गाडी सार्वजनिक जागेत आली की कलम 39 प्रमाणे नोंदणी लागते, आणि तिथे अपघात झाला तर विमा नसल्याचा सगळा भार मालकावर येतो.

म्हणून घ्यायचीच असेल तर नोंदणी झालेली गाडी शोधावी. पोलारिस कंपनीची स्पोर्ट्समन 570 ही भारतात ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येईल अशा रूपातही विकली गेली आहे. तशी एखादी वापरलेली मिळाली तर आरसी पुस्तकावरील चेसिस क्रमांक आणि चौकटीवर कोरलेला क्रमांक, अक्षर न् अक्षर, स्वतः ताडून पाहावा. हस्तांतरणासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडी महाराष्ट्रातली किंवा कर्नाटकातली असेल तर फॉर्म 28 वरचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि गाडीवर कर्ज असेल तर बोजा उतरल्याचा फॉर्म 35 विक्रेत्याकडून आधी घ्यावा. पैसे त्यानंतर द्यावेत. कृषी खात्याच्या यांत्रिकीकरण योजनांतील अनुदान नव्या यंत्रांसाठी असते, ते जुन्या गाडीच्या हिशेबात धरू नये.

आणखी एक गोष्ट बागायतदार म्हणून सांगतो. सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी पोफळींवर पावसापूर्वी आणि त्यानंतर साधारण दीड महिन्याने एक टक्का बोर्डो मिश्रण मारावेच लागते. त्यासाठी शंभर लिटर पाण्याला मोरचूद एक किलो आणि चुना एक किलो लागतो, म्हणजे नुसते मिश्रणच शंभर किलोंच्या वर गेले. अर्धी भरलेली टाकी गाडीवर बांधली तर वळणावर पाणी एका अंगाला धावते आणि गाडीला आपल्याबरोबर ओढते. ते काम क्वाडला सांगूच नये; पंप ओहळाकाठी ठेवून लांब पाइप वर न्यावा.

काका,
फोंड्याहून


प्रेषक: सत्तरीतील सदस्य

काका, ताई, आपण दोघांनी एवढा वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपले पत्र हातात घेऊनच किनाऱ्यावरची ती गाडी पाहून आलो. डावी मूठ काढल्यावर नळीचे टोक एका बाजूने तिरके झिजलेले दिसले, आणि चाकांमधले अंतर उजवीकडे डावीकडच्यापेक्षा जवळजवळ दोन बोटे कमी भरले. नोंदणीचे कागद विचारल्यावर, ‘खाजगी जागेत लागत नाहीत,’ असेच उत्तर मिळाले. गाडी घेतली नाही.

आता दोनच शंका आहेत. चांगली गाडी मिळाल्यावर मागची संरक्षक कमान म्हापशातल्या फॅब्रिकेटरकडून पाइप वाकवून करून घेतली तर चालेल का? आणि जून ते सप्टेंबर या काळात चिऱ्याच्या कातळावर शेवाळ धरते, तेव्हा ही गाडी चालवावी की बंदच ठेवावी?


प्रेषक: वायकाटोतील सदस्या

भाऊ, गाडी सोडलीत हे वाचून फार बरे वाटले.

कमान स्थानिक कारागिराकडून करून घेऊ नये. तिचे काम गाडीचे वजन पेलून माणसाला खाली थोडी पोकळी ठेवण्याचे आहे, आणि जाड पाइप लावला तरी तो नेमका कुठे वाकेल हे चाचणी झाल्याशिवाय कळत नाही. शिवाय चौकटीला भोक पाडले किंवा वेल्डिंगचा डाग दिला तर चौकट तिथेच कमकुवत होते. चाचणी झालेली, नटबोल्टने बसणारी कमान मागवावी. हवी असल्यास मी इथून तिची मापे विचारून कळवते.

पावसाळ्यात ओल्या कातळावर गाडी नेऊ नये. मातीच्या वाटेवरही उतार आडवा कापण्यापेक्षा सरळ वर आणि सरळ खाली जावे, आणि चढ मध्येच सुटला तर वळवण्याचा प्रयत्न न करता ब्रेकवर गाडी धरून ठेवून स्वतः गाडीवरून उतरावे. उतरताना चढाच्या वरच्या बाजूने उतरावे. चाकांतली हवा दर आठवड्याला मोजावी. या चाकांत ती सहसा 4 ते 7 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) इतकीच असते. पेट्रोल पंपावरच्या मापकावर एवढा कमी दाब नीट वाचता येत नाही, म्हणून कमी दाबाचा मापक वेगळा घ्यावा. डाव्या-उजव्या चाकांत एका पीएसआयचा फरक पडला तरी गाडी आडव्या उतारावर त्या अंगाला झुकते.

मागे दुसरे माणूस बसवू नये, मग बाजारापर्यंतचाच प्रश्न असला तरी. भावाच्या मुलांचा उल्लेख आपण मागे केला होता म्हणून लिहिते: सोळा वर्षांखालील मुलांनी 90 सीसीपेक्षा मोठी क्वाड चालवू नये असा इशारा कंपन्या स्वतः गाडीवर चिकटवतात. किल्ली घरात टांगून ठेवू नका, स्वतःजवळ ठेवा.


प्रेषक: फोंड्यातील सदस्य

चिरंजीव, ताईंच्या म्हणण्याला माझी पूर्ण संमती आहे. माझ्या मते येत्या काजूच्या हंगामापुरता ट्रेलरसह पॉवर टिलर (दोन चाकांचे छोटे नांगरणी यंत्र) भाड्याने घेऊन पंचायतीच्या रस्त्यापर्यंतचा माल त्यावर न्यावा, म्हणजे गाडी शोधताना घाई होणार नाही. फोंडा आणि डिचोली भागातल्या बागायतदारांना मी नोंदणी झालेल्या गाडीबद्दल विचारून ठेवतो. कोणी दाखवली तर पाहायला जाण्यापूर्वी आरसी पुस्तकाचा आणि चौकटीवरच्या क्रमांकाचा फोटो मागवून मला पाठवा, आणि जाताना टेप व जॅक सोबत न्या.

काका