८-१ पासून सातव्या सामन्यापर्यंत : ऑइलर्सचा २०२३-२४ हंगाम तुम्ही कसा पाहिलात? (अनुभव धागा)

मिलवूड्सकर
गेल्या सोमवारी फ्लोरिडात शेवटचा भोंगा वाजला आणि अंतिम फेरीचा सातवा सामना आपण २-१ हरलो. आज आठवडा झाला. आमच्या घरात त्या विषयावर अजून कोणी सरळ बोलत नाही. लेक नारिंगी जर्सी धुवायला देत नाहीये, आणि नवरा शनिवारी बार्बाडोसला कप जिंकल्यापासून फक्त रोहितबद्दल बोलतोय. मला मात्र बोलायचंय, म्हणून हा धागा.

ज्यांच्यासाठी हॉकी म्हणजे ध्यानचंद, त्यांच्यासाठी थोडक्यात. एडमंटन ऑइलर्स हा आमच्या गावचा आइस हॉकीचा संघ. ऑक्टोबर ते एप्रिल ८२ साखळी सामने, मग बाद पद्धतीच्या चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत जो आधी चार सामने जिंकेल तो पुढे. चारही फेऱ्या जिंकल्या की स्टॅन्ली कप. ऑइलर्सनी तो पाच वेळा आणलाय, पण शेवटचा १९९० साली. कॅनडातल्या कुठल्याही संघाने आणलेला शेवटचा म्हणाल तर माँट्रियालने, १९९३. त्यानंतर इथे जन्मलेली पोरं नोकरीला लागली, कप काही परत आला नाही.

यंदा पहिल्याच सामन्यात व्हँकुव्हरने ८-१ धुतलं. पहिल्या १२ सामन्यांत दोन विजय. त्यातला बारावा सामना सॅन होजेविरुद्ध, म्हणजे जो संघ वर्षअखेर अख्ख्या लीगमध्ये तळाला राहिला त्याच्याशी हरलो. १२ नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, प्रशिक्षक जे वुडक्रॉफ्टना नारळ दिला. मी अनारसे तळत होते. फोनवर बातमी वाचण्याच्या नादात तुपाकडे दुर्लक्ष झालं आणि कढईतला अनारसा हसला. मला मात्र हसू येईना.

जागेवर आले क्रिस नॉब्लॉक. आमचा कर्णधार कॉनर मॅकडेव्हिड पोरसवदा असताना ईरीच्या कनिष्ठ संघात त्यांच्याच हाताखाली खेळायचा. मग जे झालं ते तुम्ही लिहा. खेळ कळत नसला तरी लिहा, मलाही ऑफसाइड आत्ता आत्ता कळायला लागलाय.

फ्लेम्सवाला
कॅलगरीहून लिहितोय, शिव्या नंतर घाला.

२९ ऑक्टोबरला एडमंटनच्या मित्राने ओढून नेलं. कॉमनवेल्थ स्टेडियममध्ये उघड्यावर सामना, ऑइलर्स विरुद्ध आमचे फ्लेम्स. ५५,४११ माणसं. तेव्हा दोन्ही संघ इतके रद्दी खेळत होते की मित्र म्हणाला, आज दोघांनी हरायची काही सोय आहे का बघ. नव्हती. आम्ही ५-२ हरलो.

खरं सांगायचं तर आम्ही बसलो होतो तिथून पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, दिसतच नव्हता. फुटबॉलचं मैदान, मधोमध पोळपाटाएवढं बर्फ, आणि त्यावर मुंग्या. शेजारी एक आजोबा होते, ते २००३ सालीही याच स्टेडियममध्ये आले होते. तेव्हा उणे १८ होतं आणि माँट्रियालचा गोली (गोलरक्षक) शिरस्त्राणावर लोकरीची टोपी घालून खेळला होता. ‘हे काय, हा तर उन्हाळा,’ म्हणाले आणि थर्मासमधलं काहीतरी मला पाजलं. चहा नव्हता एवढं नक्की.

परतीचे ३०० किलोमीटर मी गाडीत तोंड उघडलं नाही.

उणे_चाळीस
माझा अनुभव १३ जानेवारीचा. आयडीवरून अंदाज आला असेलच.

त्या आठवड्यात खरोखरच उणे चाळीसच्या आसपास होतं. गाडीच्या ब्लॉक हीटरची वायर रात्रभर प्लगला, तरी सकाळी इंजिन दमेकऱ्यासारखं खोकायचं. संक्रांत सोमवारी होती म्हणून शनिवारी संध्याकाळी चार घरं आमच्याकडे तिळगूळ वळायला जमली होती. टीव्हीवर माँट्रियालमधला सामना. ऑइलर्स सलग नऊ जिंकून आलेले, दहावा चालू. पाक गोळीबंद झाला की नाही ते बायको ताटलीतल्या पाण्यात थेंब टाकून बघत होती, आणि तेवढ्यात खोलीतले सगळे फोन एकदम किंचाळले. सरकारी इशारा : आल्बर्टात वीज कमी पडतेय, नको ते सगळं ताबडतोब बंद करा, नाहीतर भारनियमन.

भारनियमन! ज्या शब्दाला कंटाळून अकोला सोडलं तो इथे उणे चाळीसमध्ये दाराशी उभा. आम्ही अनुभवी माणसं, दोन मिनिटांत दिवे, ड्रायर, ओव्हन सगळं बंद. टीव्ही? टीव्हीवर मतदान झालं. पाच विरुद्ध तीन, टीव्ही चालू. अंधारात मेणबत्ती लावून, चटके खात लाडू वळले. ओव्हरटाइममध्ये आपल्या बुशार्डने गोल मारला, २-१. दिवे गेले नाहीत. लाडू मात्र असे झाले की फेब्रुवारीपर्यंत कोणाच्या दाताला दाद देईनात.

पुढे सलग १६ जिंकले. लीगचा विक्रम १७चा, पिट्सबर्गचा, १९९२-९३ मधला. सहा फेब्रुवारीला व्हेगासला ३-१ हरून एकाने हुकला. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.

रानवारा
मी मॅच फार बघत नाही, मी बॅग उचलतो.

पोरगी नऊ वर्षांची, वस्तीतल्या संघात खेळते. सराव पहाटे सहाला, कारण बाकी वेळ मोठ्या मुलांना. हॉकीच्या बॅगेचा वास ज्याने घेतला नाही त्याला मी तो शब्दांत सांगू शकत नाही. पावसाळ्यात लोकलच्या डब्यात ओल्या मोज्यांचा येतो ना, तो डब्यात कोंडून उन्हात ठेवला तर जवळपास जाईल.

सगळ्यात अवघड काम स्केटची नाडी. गुडघ्यावर बसायचं, पोरीचा पाय मांडीवर घ्यायचा आणि खालून वर एकेक पेड ओढत यायचं. घोट्यापाशी ढिलं राहिलं तर पाय मुरगळतो, जास्त आवळलं तर दहा मिनिटांत ‘बाबा, मुंग्या आल्या’. बोटं गारठलेली, नाडी मेणाची, ती तळव्यात रुतते. पहिल्या वर्षी शेजारच्या युक्रेनियन बाईंनी माझ्या हातातून पाय काढून घेतला आणि स्वतः बांधून दिली. यंदा डिसेंबरात मी दुसऱ्या एका नवख्या बापाला दाखवली.

ती बर्फावर गेली की टेप गुंडाळलेली स्टिक ९७ नंबरवाल्यासारखी धरते. मॅकडेव्हिडने यंदा १०० असिस्ट केले, म्हणजे शंभर गोलांना हात लावला, मारले दुसऱ्यांनी. लीगच्या इतिहासात त्याच्या आधी फक्त ग्रेट्झ्की, लेम्यू आणि ऑर. पोरीला हे पाठ आहे. प्रत्यक्षात ती पक कोणालाही देत नाही.

खिचडीकाकू
सासूबाई सांगलीहून मेमध्ये आल्या, त्यांच्या नजरेतून सांगते.

पहिले दोन दिवस म्हणाल्या, ‘बदाबदा आपटतात, ह्यात बघायचं काय?’ तिसऱ्या दिवशी स्टुअर्ट स्किनरची माहिती टीव्हीवर आली. आमचा गोली, इथलाच, एडमंटनचा, नऊ भावंडांत धाकटा. सासूबाईसुद्धा आठ भावंडांत धाकट्या. झालं! व्हँकुव्हरच्या फेरीत त्याला दोन सामने बाकावर बसवून पिकर्डला खेळवलं तेव्हा त्यांना रात्रीचं जेवण गेलं नाही. ‘धाकट्याचं कोण ऐकतंय,’ हे त्यादिवशी चार वेळा ऐकलं, त्यातलं एक माझ्या नवऱ्याला उद्देशून होतं.

सहाव्याला तो परत आला, सातवा व्हँकुव्हरला जाऊन ३-२ जिंकला. मग डॅलस. त्या फेरीच्या शेवटच्या सामन्यात डॅलसचे ३५ फटके, आपले फक्त १०, आणि तरी २-१ आपणच. बाईंनी स्किनरवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. टीव्हीवरून.

राग मात्र कोरी पेरीवर. हा गृहस्थ २०२०, २०२१, २०२२ अशी लागोपाठ तीन वर्षं तीन वेगवेगळ्या संघांकडून अंतिम फेरीत हरलेला, आणि जानेवारीत आमच्याकडे आला. मी हे कौतुकाने सांगायला गेले, की बघा, सगळे त्याला घेतातच. सासूबाई म्हणाल्या, ‘पायगुण बघितला नाही का कोणी?’

मी तेव्हा हसले होते.

उणे_चाळीस
@खिचडीकाकू, सासूबाईंना संघाच्या व्यवस्थापनात घ्या.

सनराइजचा_उंदीर
फ्लोरिडातून. मी पँथर्सवाला, म्हणजे ज्यांनी तुम्हाला अंतिम फेरीत हरवलं त्यांचा, माफ करा आणि मारू नका.

आमच्याकडे जिंकलं की बर्फावर प्लास्टिकचे उंदीर फेकतात. १९९५ साली आमच्या एका खेळाडूने ड्रेसिंग रूममध्ये उंदीर मारला आणि त्याच स्टिकने सामन्यात दोन गोल केले, तेव्हापासून. माझी आई पहिल्यांदा बघून घाबरीघुबरी झाली, मग म्हणाली बाप्पाचं वाहन आहे, शुभच असणार.

पहिले तीन सामने जिंकलो तेव्हा उंदरांचा डबा तयार ठेवला. मग तुमच्याकडे ८-१, आमच्या घरी ५-३, पुन्हा तुमच्याकडे ५-१. तीन-शून्यवरून अंतिम फेरी फिरवणारा एकच संघ, टोरंटो, १९४२. दुसरा आपल्या नशिबी येतोय म्हणून त्या आठवड्यात मी ऑफिसात कोणाशी धड बोललो नाही. गेल्या वर्षीही आम्ही अंतिम फेरीत हरलोच होतो. सातव्यात रेनहार्टचा गोल झाल्यावर उरलेला वेळ मी बाथरूममध्ये काढला. आमचा पहिलाच कप, आणि तो मी बघितलेला नाही, ऐकलाय.

नवी_सांगवी
लेक एडमंटनला. अंतिम फेरीचा सातवा सामना आमच्याकडे २५ जूनच्या पहाटे साडेपाचला.

आदल्या रात्री भारत-ऑस्ट्रेलिया बघून झोपायला बारा वाजले होते. रोहितचे ४१ चेंडूंत ९२, डोक्यात तेच. पाचला लेकीचा व्हिडिओ कॉल. तिने फोन टीव्हीसमोर पुस्तकांना टेकवून ठेवला. पक मला एकदाही दिसला नाही. दिसत होता सोफ्याचा कोपरा आणि जावयाचा हलणारा गुडघा. गुडघा थांबला की काहीतरी झालं असं समजायचं. त्यांनी १-०, लगेच आपले १-१, तेव्हा फोन पडला आणि पाच मिनिटं छत बघितलं. दुसऱ्या सत्रात गुडघा थांबला तो थांबलाच.

नंतर स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस मॅकडेव्हिडला जाहीर झालं. गोल आणि असिस्ट मिळून ४२ गुण, त्यात ३४ असिस्ट, ग्रेट्झ्कीचा ३१चा विक्रम मोडून. पण तो ते घ्यायला बाहेर आलाच नाही. लेकीने विचारलं, ‘बाबा, जायला हवं होतं ना?’ मला १९ नोव्हेंबरचं अहमदाबाद आठवलं, कोहलीला मालिकावीराचं बक्षीस देत होते तेव्हाचा त्याचा चेहरा. म्हटलं, नाही गेला ते बरं केलं. मग दूधवाल्याची बेल वाजली.

साखरभात
लिहू की नको करत होते.

सहाव्या सामन्याच्या रात्री आम्ही बाहेर, मोठ्या पडद्यासमोर, मॉस पिटमध्ये होतो. जोई मॉस डाऊन सिंड्रोम असलेले गृहस्थ, ग्रेट्झ्कींनी त्यांना ऑइलर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये कामाला आणलं आणि ते तिथे अनेक दशकं राहिले. २०२० साली गेले. त्यांचं नाव त्या जागेला आहे.

माझा धाकटा दीर तसाच आहे, डाऊन सिंड्रोमवाला, ३४ वर्षांचा. गर्दीत तो कानावर हात ठेवतो, म्हणून आम्ही कडेला उभे होतो. पहिला गोल झाला तेव्हा समोरच्या दाढीवाल्या धिप्पाड माणसाने मागे वळून सगळ्यांना टाळ्या दिल्या, आणि याच्यापाशी आल्यावर हात वर न आपटता नुसता पुढे धरला. थांबला. याने एक कान सोडला आणि टाळी दिली. हे पुढच्या चारही गोलांना झालं.

सोमवारी हरलो ते त्याला कळलं की नाही कोण जाणे. रोज संध्याकाळी विचारतो, ‘आज टाळी?’

मिलवूड्सकर
(१० ऑक्टोबर) धागा वर काढतेय. काल नवा हंगाम सुरू झाला. घरचं मैदान, समोर विनिपेग, ०-६. नवरात्राची साबुदाण्याची खिचडी ताटातच गार झाली.

जर्सी मी जुलैत लेकाच्या नकळत धुतली होती. काल दुसऱ्या सत्रानंतर त्याने ती अंगावरूनच हुंगली आणि माझ्याकडे बघितलं.